पिनेने उघडलेलं कुलूप

या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सव्वीस वर्षांत शंभर जणांना तरी सांगितली असेल. शंभरही जणांनी माना डोलावल्या, माझा चहा प्यायला आणि पाठ वळल्यावर हसले. हसोत बापडे. फुकटचा चहा आणि फुकटची गोष्ट, दोन्ही पचायला जडच.

परवा दुपारी दुकानात दोघेच होते. एक शेजारचा घड्याळवाला. जगाच्या घड्याळांना वेळ लावतो, पण स्वतःच्या दुकानात दहा मिनिटं बसवत नाही त्याला. दुसरी एक ताई, पस्तिशीची असेल. तिच्याबरोबरचे म्हातारे गृहस्थ रस्त्यापलीकडच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ताईने माझ्यापुढे एक पितळी कुलूप ठेवलं. किल्ली हरवली म्हणाली.

"पिनेबिनेने उघडेल का हो काका?"

"ताई, सात लिव्हरचं कुलूप आहे हे. याला पिन लावलीत तर पिनच रडेल. मी स्वतः लावून बघितलीय, चाळीस वर्षांत एकदाही उघडलं नाही. याला किल्लीच करावी लागते." मी एक तयार किल्ली उजेडात धरली. "आणि किल्ली माझ्या हातची असेल तर दांड्यावर तीन रेघा सापडतील. चित्रकार सही करतो, तसं."

"प्रत्येक किल्लीवर?"

"प्रत्येक. तासभर लागेल, बसा. असंच एक कुलूप मी एकदा वरच्या मजल्यावरच्या कपाटाला लावून दिलं होतं. त्याची गोष्ट सांगतो."

घड्याळवाल्याने स्टूल पुढे ओढलं. मी कानस हातात घेतली.

"एका गावात एक कुलूपवाला होता."

"म्हणजे तुम्हीच," घड्याळवाला म्हणाला.

"मी कुठे एवढा हुशार? मधे बोलू नकोस."

*

सकाळचे आठ वाजले होते. कुलूपवाल्याने दुकानाची फळी नुकतीच वर केली होती. तेवढ्यात जिन्यावरून मास्तरीणबाई धावत खाली आल्या. साठीच्या बाई. एरवी कठड्याला विचारून पाऊल टाकायच्या.

"वर चला. कुलूप शाबूत आहे आणि चोरी झालीय."

वरच्या खोलीत बाई दुपारी चार ते पाच इंग्रजी शिकवायच्या. एक गोल टेबल, चार खुर्च्या, एक फळा, एक लाकडी कपाट. खोली उघडीच असायची, कुलूप फक्त कपाटाला. कपाटाशेजारी जमिनीवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. ती बॉयलरवाल्याची बायको. तिच्याकडे बघून कुलूपवाल्याने चपला दाराबाहेर काढल्या. मयताच्या घरी शिरावं तसं वाटलं त्याला.

बॉयलरवाल्याची हकिगत सगळ्या गावाला ठाऊक होती. चार महिन्यांपूर्वी वाफेच्या लॉन्ड्रीतला बॉयलर फुटला. एक इस्त्रीवाला जागच्या जागी गेला. तीन मुलींचा बाप. वाफ फार चढली की ती बाहेर सोडायला बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. काम लवकर उरकावं म्हणून कुणीतरी तो बांधून ठेवला होता. बॉयलर ज्याच्या ताब्यात, त्यानेच बांधला, असं सगळे म्हणाले. दोरीने बांधला, असं खटल्यात आलं. त्या दिवशी अकरा वाजता निकाल होता.

"गेलं काय?" कुलूपवाल्याने विचारलं.

"एक चिठ्ठी," बाई म्हणाल्या.

"काय होतं तिच्यात?"

बाईंनी डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं म्हटलं, "मी हँगरची तार बांधली नसती, तर तो आज शर्ट इस्त्री करत असता."

भिंतीपाशी बसलेली बाई बोलली. आवाज कोरडा होता. "खटल्यात दोरी आहे, भाऊ. तार असं कुणीच म्हटलेलं नाही. जज्जांनी नाही, पोलिसांनी नाही. ज्याने बांधली त्यालाच ठाऊक."

*

"काल शिकवलंत काय?"

"झाल्या गोष्टीची हळहळ. जे घडलं नाही, पण घडलं असतं तर काय झालं असतं. ते इंग्रजीत कसं म्हणायचं."

"इंग्रजीत म्हटल्यावर हळहळ कमी होते?"

"नाही. वाक्य शुद्ध होतं, एवढंच."

बाईंच्या वर्गाची एक रीत होती. आपली खंत आपण लिहायची नाही. डावीकडच्याच्या कानात आपल्या भाषेत सांगायची. त्याने ती इंग्रजीत लिहायची, खिशात जो कागद असेल त्याच्यावर. नाव घालायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मग चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात. त्या बाई मोठ्याने वाचणार आणि सगळ्यांनी मिळून चुका काढायच्या.

"हा उलटा कारभार कशाला?"

"स्वतःचं दुःख लिहिताना माणूस क्रियापद चुकतो. दुसऱ्याचं अगदी शुद्ध लिहितो. वीस वर्षं बघतेय."

"कोण कुणाच्या कानात बोललं?"

"मी खिडकीकडे तोंड करून बसते. बघायचं नाही, हा माझा नियम."

"काल होतं कोण?"

"तिघंच. नर्स, बसचा ड्रायव्हर आणि लॉन्ड्रीचा मुकादम. तिघांनाही परदेशी जायचंय."

"चिठ्ठी वाचलीत तेव्हाच का नाही धरलंत?"

बाई खाली बसल्या. "रचलेलं वाक्यही चालतं आमच्यात. मला वाटलं, कुणीतरी वर्तमानपत्र वाचून रचलं. डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, घरी गेले. पहाटे जागी झाले ती तारेवर अडकूनच. सकाळी हिला बोलावून घेतलं, कपाट उघडलं. चिठ्ठ्या मोजल्या, तीन. जीव भांड्यात पडला. वाचल्या, तर त्यात ती नाही."

कुलूपवाल्याने डबा टेबलावर पालथा केला.

एक चिठ्ठी बसच्या फेरीच्या कागदावर होती. परीक्षेला बसले असते तर पास झाले असते, असं काहीतरी. दुसरी लॉन्ड्रीच्या गुलाबी टॅगवर. गाडी वेळेवर काढली असती तर आई भेटली असती. तिसरीही गुलाबी टॅगवर, मोठ्या छापील अक्षरांत. शिकलो असतो तर साहेब झालो असतो.

"गेलेली चिठ्ठी कसल्या कागदावर होती?"

"निळ्या चौकटींच्या. तापाचा तक्ता असतो ना नर्सकडे, त्याच्यावर."

"म्हणजे नर्सने लिहिली. सांगणारा दुसराच. किल्ली कुणाकडे असते?"

"एकच आहे. माझ्या गळ्यात. आणि हो, आज साडेसातला मी आले तेव्हा ड्रायव्हर जिना उतरत होता. माझ्याकडे न बघता गेला."

कुलूपवाल्याने कुलूप हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा लावून ठेवलं. मग जिन्याकडे वळला.

बॉयलरवाल्याची बायको उठली. त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. "भाऊ, अकराच्या आत सापडलं तर सापडलं. नंतर सापडलेलं घेऊन मी काय करू? कपाळाला लावू?"

"अकराच्या आत येतो," कुलूपवाला म्हणाला.

*

हॉस्पिटल. साडेआठ.

नर्स सातपासून ऑपरेशनच्या खोलीत होती, एकपर्यंत बाहेर येणार नव्हती. दारात मोठी सिस्टर उभी होती, कुलपासारखीच.

"आत एकाचा जीव टांगणीला आहे."

"बाहेरही आहे, सिस्टर."

दाराला एक गोल काच होती. कुलूपवाल्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तार कोण म्हणालं?' आणि काचेला लावलं. आत नर्सने मान वर केली. तोंडावर पट्टी, नुसते डोळे. तिने वाचलं. डोळे भरले. मान हलवली, नाही म्हणून.

ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. नियम कुणासाठी केला होता आणि कुणाच्या कामी येत होता.

*

बस डेपो. नऊ वाजून दहा मिनिटं.

ड्रायव्हर गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"सकाळी जिन्यावर काय करत होतास?"

"जेवणाचा डबा विसरला होता काल."

"मिळाला?"

"मिळाला. उघडायची हिंमत होत नाहीये."

"बाईंकडे न बघता का गेलास?"

"कालचा गृहपाठ केला नव्हता."

कुलूपवाल्याला हसू आलं, पण घड्याळाकडे बघून ते त्याने गिळलं. "काल कुणाच्या कानात बोललास?"

"सांगायचं नसतं."

"तुझ्या कानात आलं ते सांगू नकोस. ते दुसऱ्याचं. तुझं दुःख तर तुझं आहे ना? ते कुठे ठेवलंस, एवढं सांग. एक निर्दोष माणूस अकराला आत जातोय."

ड्रायव्हरने चाकावर थाप मारली. "मुकादमाच्या कानात. त्या दिवशी गाडी वेळेवर काढली असती तर आई भेटली असती. काय सांगू, घरी कितीदा म्हटलं तरी संपत नाही ते. इंग्रजीत एका ओळीत मावलं."

कुलूपवाला जागचा उठला.

*

लॉन्ड्री. पावणेदहा.

मुकादम नव्हता. साक्षीदार म्हणून कोर्टात गेला होता. चादरींच्या घड्या घालणारी एक मावशी तेवढी टेबलापाशी होती.

"मावशी, हे गुलाबी टॅग फाडतं कोण?"

"मुकादम. दुसऱ्याने हात लावला तर त्याच्याच कानाला टॅग लावून धुवायला टाकतील."

"नंबर छापलेत यांच्यावर."

"ओळीने असतात. कपड्यांचा एक गठ्ठा, एक नंबर. सगळं वहीत. इथे चादर हरवते, नंबर नाही."

कुलूपवाल्याने डब्यातले दोन टॅग काढले. आईच्या चिठ्ठीचा नंबर होता ६०३१. साहेब व्हायच्या चिठ्ठीचा ६०९८. मावशीने वहीवरून बोट फिरवलं. ६०३१, काल दुपारी तीन, बाद. म्हणजे वर्गाला जाण्याआधी खिशात टाकलेला. ६०९७, काल संध्याकाळी साडेसहा. त्यापुढे थेट ६०९९.

"अगंबाई," मावशी म्हणाली. "हरवला की."

"वर्ग सुटतो पाचला. डबा कपाटात गेला सव्वापाचला. साडेसहाला फाडलेला कागद त्याच्यात आला कसा?"

मावशीने घडी घालायची थांबवली. मग मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे फुटलेल्या बॉयलरचं धूड गंजत पडलं होतं. पोलिसांनी पंचनामा केला, मोजमाप घेतलं, दोरीचा जळका तुकडा नेला. ती दोरी कुठल्याही गाठोड्याची असू शकत होती. कुलूपवाला गुडघ्यांवर बसला. व्हॉल्व्हच्या दांड्याखाली, काजळीत, बोटभर लांबीचा एक आकडा अडकला होता. हँगरचा आकडा. लॉन्ड्रीत हजारो हँगर. म्हणून कुणाला तो दिसलाच नव्हता.

सव्वादहा वाजले होते. तो पळत सुटला.

*

"आणि पोचला?" घड्याळवाल्याने विचारलं.

"म्हणजे काय. अकराला पाच कमी असताना कुलूपवाल्याने कोर्टाचं दार असं ढकललं, की शिपायाच्या हातातली पाण्याची सुरई पडली. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. 'कोण तुम्ही?' 'साहेब, कुलपं उघडणारा माणूस आहे, आज एक तोंड उघडायला आलोय.'"

"असं म्हणालात तुम्ही?"

"कुलूपवाला म्हणाला. ऐक पुढे."

कुलूपवाल्याने दोन टॅग आणि एक आकडा टेबलावर मांडला.

"साहेब, गोल टेबलाशी तीन माणसं. प्रत्येकजण डावीकडच्याला सांगतो. ड्रायव्हरने मुकादमाला सांगितलं. ती चिठ्ठी ही, मुकादमाच्या टॅगवर. मग मुकादमाच्या डावीकडे उरलं कोण? नर्सच. तारेचं वाक्य नर्सच्या कागदावर होतं, म्हणजे ते मुकादमाच्या तोंडचं. तिघांनी एकेक कागद लिहिला. डब्यात मात्र गुलाबी कागद दोन. बाईंना चिठ्ठ्या मोजायची सवय आहे, हे चोराला ठाऊक होतं, म्हणून त्याने एक नेली आणि एक ठेवली. पण माणूस घाबरला की हात आपल्याच खिशात जातो. आणि मुकादमाच्या खिशात टॅगशिवाय दुसरं काही नसतं. हा नंबर वर्ग सुटल्यावर दीड तासाने फाडलेला आहे. आणि हा आकडा बॉयलरमधला."

मुकादम साक्षीदारांच्या बाकावर होता. आधी त्याचे कान लाल झाले, मग ओठ पांढरे. उठायला गेला आणि तसाच बसला.

"सातशे चादरी होत्या, साहेब," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या. संध्याकाळपर्यंत हव्या होत्या. बॉयलरवाला जेवायला गेला होता. एक तासापुरती तार बांधली. सोडायची राहिली. चार महिने झोप नाही. काल वाटलं, कुणाच्या तरी कानात एकदा टाकावं. इंग्रजीत कोण धरून ठेवतंय, असं वाटलं. बाईंनी मोठ्याने वाचलं आणि मला ते पहिल्यांदा ऐकू आलं."

पश्चात्ताप खरा होता त्याचा. भीती त्याहून खरी होती.

"'आणि कपाटाचं कुलूप?' जज्जसाहेबांनी विचारलं. 'ते कसं उघडलं याने?'"

माझी कानस जरा घसरली. बोटाला लागलं. मी ते तोंडात धरून पुढे सांगितलं.

"'त्यात काय साहेब, केसांतली साधी पिन.' झालं. बॉयलरवाला जागच्या जागी सुटला. बायकोने कोर्टातच हंबरडा फोडला. कुलूपवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, दुकानापर्यंत आणलं. तेव्हापासून हा खांदा दुखतो, त्याचा."

"लोकांचा की तुमचा?" घड्याळवाला खो खो हसला. टाळीसाठी हात पुढे केला.

ताई हसली नाही.

"गोष्ट चांगली सांगता काका," ती म्हणाली. "मी त्या दिवशी कोर्टात होते."

मी टाळी दिली नाही.

"नऊ वर्षांची होते. सकाळी त्या वरच्या खोलीतही होते, आईच्या पलीकडे, फळ्याखाली. गोष्टीत तुम्ही मला घेतलं नाहीत. तुम्ही जिन्यात आईला म्हणालात, अकराच्या आत येतो. ते मी ऐकलं. कोर्टात आई जज्जांकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती. अकरा वाजले. निकाल वाचून झाला. बारा वाजले. दार उघडलं ते बाबांना बाहेर न्यायला. नऊ वर्षांची शिक्षा. पाण्याची सुरई कुणाच्या हातून पडली नाही."

घड्याळवाल्याचा हात अजून तसाच पुढे होता. त्याने तो हळूच मागे घेतला.

"टॅगचे नंबर खरे असतील. हँगरचा आकडाही खरा असेल. तुम्ही शोधलंत, पळालात, कोर्टाच्या पायरीपर्यंत आलाही असाल. मी किती वर्षं विचार करत होते, येतो म्हणून सांगून हा माणूस आत का आला नाही. आज तासभर ऐकलं आणि कळलं. जज्जसाहेबांचा पहिला प्रश्न तोच असणार होता. कुलूप कसं उघडलं."

"पिन," मी म्हणालो.

"सात लिव्हरच्या कुलपाला पिन लावली तर पिनच रडते. मघाशी तुम्हीच म्हणालात."

तिने पर्समधून रुमाल काढला, उलगडला. आत दोन किल्ल्या होत्या.

"हे कुलूप त्याच कपाटाचं आहे. बाई गेल्या, कपाट आम्हाला देऊन गेल्या. ही त्यांची किल्ली, गळ्यातली. हरवलेली नाही. ही दुसरी, मुकादमाच्या बायकोने गेल्या महिन्यात आणून दिली, तो गेल्यावर. शेवटच्या दिवसांत तो हिच्याबद्दलच बोलत होता म्हणे. निकालाच्या आदल्या संध्याकाळी सहाला तो तुमच्याकडे आला. बाईंनी दुसरी किल्ली मागितलीय, म्हणाला. कुलूप तुम्हीच लावलेलं, नमुना तुमच्याकडे होता. तुम्ही करून दिलीत. वर जाऊन बाईंना विचारलं नाहीत."

मी कानस खाली ठेवली.

"म्हणजे सकाळी आठ वाजता कुलूप हातात घेतलंत, तेव्हाच तुम्हाला चोर ठाऊक होता. हॉस्पिटल, डेपो, लॉन्ड्री, एवढी पायपीट कशासाठी? किल्लीचं नाव न घेता मुकादमापर्यंत पोचता यावं म्हणून. पोचता आलं नाही. किल्लीशिवाय ते कपाट उघडतच नाही."

तिने दुसरी किल्ली माझ्या बोटांत दिली. मी बघितली नाही. अंगठ्याला दांड्यावरच्या रेघा लागल्या. एक, दोन, तीन.

"समोर बाकावर बाबा बसलेत," ती म्हणाली. "ऐकू कमी येतं त्यांना, मोठ्याने बोलावं लागेल. चला, हीच गोष्ट त्यांना सांगा. पिन सोडून."